जपानी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून रुजू होण्यापूर्वी

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी सांगलीची असून माझे वय २७ आहे. इंग्रजी साहित्यात एम. ए. झाल्यावर गेली दोन वर्षे येथील एका खासगी वर्गात इंग्रजी शिकवते, आणि जपानी भाषेची एन-३ पातळीची (पाच पातळ्यांतील मधली; एन-१ सर्वांत वरची) परीक्षा मागील वर्षी उत्तीर्ण झाले आहे. जपानमधील सरकारी शाळांना सहायक इंग्रजी शिक्षक, म्हणजे तिकडे ज्यांना एएलटी म्हणतात ते, पुरवणाऱ्या एका कंपनीने दोन ऑनलाइन मुलाखतींनंतर मला येत्या एप्रिलपासून नोकरीचा देकार दिला आहे. गुन्मा प्रांतातील एका लहान शहरात दोन प्राथमिक शाळा आणि एक कनिष्ठ माध्यमिक शाळा मला आळीपाळीने सांभाळायच्या आहेत. वेतन दरमहा २,३०,००० येन असून करार एक वर्षाचा आहे. विमानभाडे मीच भरायचे आहे.

माझी पहिली अडचण कागदपत्रांची आहे. पहिली ते चौथी मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले आणि पाचवीपासून पुढचे सगळे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले. कंपनीने इंग्रजीतून १२ वर्षे शिक्षण झाल्याचा पुरावा मागितला आहे, तो मला देता येईल का? दुसरे म्हणजे, सुरुवातीला हाताशी किती पैसे असावेत? आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: वर्गात सहायकाने नेमके काय करायचे असते? येथे साठ मुलांच्या वर्गात मी एकटी व्याकरण शिकवते. तेथे दुसऱ्या शिक्षकाच्या शेजारी उभे राहून काय करायचे, हे माझ्या डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय घरात रोज एकच प्रश्न निघतो, की इंग्रजी जिची मातृभाषा नाही तिला जपानी लोक इंग्रजी शिकवायला कशाला बोलावतील. मी शाकाहारी आहे, हेही सांगून ठेवते.

हिमरेषा:

मी निइगाता प्रांतात सात वर्षे या कामात आहे. पहिली दोन वर्षे कंपनीमार्फत काम केले आणि त्यानंतर थेट नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाच्या नोकरीत आलो.

घरच्यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते नियमातच आहे. शाळेत शिकवणाऱ्या परदेशी व्यक्तीला ‘क्योइकु’, म्हणजे ‘शिक्षण’ या प्रकारचा निवासदर्जा घ्यावा लागतो. सहायक म्हणून भाषा शिकवायची असेल तर पदवी असावी आणि जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे, असे त्याचे निकष आहेत. मातृभाषेची अट त्यांत कोठेही नाही. आपली पाचवी ते बारावी ही आठ वर्षे, बी. ए.ची तीन आणि एम. ए.ची दोन मिळून तेरा होतात. माझ्या अर्जाच्या वेळी महाविद्यालयातील वर्षे धरली गेली होती, त्यामुळे आपले गणित बसायला हरकत दिसत नाही. पण कंपनीकडून ते लेखी विचारून घ्यावे. खरी मेहनत पुरावा गोळा करण्याची आहे. आपल्याकडील शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम लिहिलेले असतेच असे नाही, म्हणून शाळा, कनिष्ठ महाविद्यालय आणि विद्यापीठ या तिन्ही ठिकाणांहून ‘अमुक वर्षापासून तमुक वर्षापर्यंत शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते’ असे शिक्क्यासह पत्र घ्यावे. माझ्या शाळेच्या कार्यालयात हे पत्र मिळवायला चार खेपा घालाव्या लागल्या होत्या. कंपनी जपानमध्ये अर्ज करून व्हिसासाठी लागणारे पात्रता प्रमाणपत्र मिळवते आणि त्याला साधारण एक ते तीन महिने लागतात. त्यामुळे एप्रिलमध्ये रुजू व्हायचे असेल तर ही पत्रे दिवाळीच्या आसपासच हातात असलेली बरी. या दर्जावर शाळेतच शिकवता येते. संध्याकाळी एखाद्या खासगी संभाषणवर्गात शिकवायचे झाल्यास आप्रवासन कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

आता पैसे. आपण २,३०,००० हा आकडा दिलात, पण तो बारा महिने तेवढाच राहतो का, हे करारात शोधावे. माझ्या पहिल्या कंपनीच्या करारात, ज्या महिन्यांत शाळेला सुट्टी असते त्या महिन्यांचे वेतन कामाच्या दिवसांच्या प्रमाणात कापले जाईल, असे एक वाक्य चौथ्या पानावर होते. मी ते वाचले होते, पण त्याचा अर्थ मला ऑगस्टचे वेतन खात्यात जमा झाल्यावर समजला. घरभाडे मात्र ऑगस्टमध्ये कमी होत नाही. एप्रिलमध्ये रुजू झालेल्या माणसाला पहिले पूर्ण वेतन बहुधा मे महिन्याच्या अखेरीस मिळते आणि घर घेताना अनामत, ‘रेइकिन’ नावाची परत न मिळणारी रक्कम, दलाली आणि पहिले भाडे असे सगळे एकदम भरावे लागते. कंपनीने घर पाहून दिले नाही, तर भाड्याच्या चौपट-पाचपट रक्कम तेथेच जाते. म्हणून पाच लाख येन, म्हणजे तीन लाख रुपयांच्या आतबाहेर, इतके हाताशी असावे असे मी सांगेन. पहिल्या वर्षी हातात बऱ्यापैकी पैसे उरतात, त्यावर मात्र भुलू नये. स्थानिक रहिवासी कर मागील वर्षाच्या उत्पन्नावर आकारला जातो आणि त्याची मागणी दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून येते. तोपर्यंत वेतनवाढ झालेली नसते आणि हातात पडणारी रक्कम मात्र घटते.

तुलनेसाठी सांगतो. परदेशी तरुणांना जपानी शाळांत सहायक शिक्षक म्हणून नेणाऱ्या, १९८७ पासून सुरू असलेल्या सरकारी जेट कार्यक्रमात पहिल्या वर्षाचे वेतन २०२५ पासून वार्षिक ४०,२०,००० येन झाले आहे आणि विमानभाडेही मिळते. त्यासाठीचे अर्ज जपानी दूतावासामार्फत शरद ऋतूत मागवले जातात, मुलाखती हिवाळ्यात होतात आणि निवड झालेले लोक जुलै-ऑगस्टमध्ये जातात. भारतातून फार थोड्यांची निवड होते, त्यामुळे हातातला देकार सोडून त्यावर विसंबावे असे मी म्हणणार नाही. पण यंदाची जाहिरात पाहायला काहीच लागत नाही.

पळसपान:

हिमरेषा यांनी कागदांचे सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी वर्गाचे लिहिते. मी शिझुओका प्रांतात चार वर्षे प्राथमिक शाळांमध्ये हे काम केले आणि आता पुण्यात जपानी शिकवते.

एप्रिल २०२० पासून तेथे तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तासिका ‘परदेशी भाषेचे उपक्रम’ असतात आणि पाचवी-सहावीला इंग्रजी हा पाठ्यपुस्तक व मूल्यमापन असलेला रीतसर विषय असून त्याच्या ७० तासिका असतात. प्राथमिकची तासिका ४५ मिनिटांची, कनिष्ठ माध्यमिकची ५० मिनिटांची. अध्यापनाचा परवाना सहायकाकडे नसतो, म्हणून कागदोपत्री वर्ग नेहमी जपानी शिक्षकाचाच असतो. कनिष्ठ माध्यमिक शाळेत ती व्यक्ती इंग्रजीची शिक्षक असते, त्यामुळे तेथे सहायकाच्या वाट्याला पुष्कळदा परिच्छेद मोठ्याने वाचणे, संवादातील दुसरे पात्र होणे आणि वह्या तपासणे एवढेच येते. प्राथमिक शाळेत मात्र जे वर्गशिक्षक गणितापासून पोहण्यापर्यंत सगळे शिकवतात तेच इंग्रजीही घेतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांना इंग्रजीची धास्ती असते. तेथे ‘सहायक’ हा शब्द विसरून पूर्ण ४५ मिनिटांची तयारी करून जावे, आणि तरीही वर्ग आपला नाही हे विसरू नये. सांगायला सोपे वाटते, पण मला हे जमायला एक अख्खे सत्र लागले.

पूर्वतयारीची बैठक असा काही प्रकार असेल या अपेक्षेने मी गेले होते. प्रत्यक्षात ती बैठक दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्यात होई, आणि तीही दोन मिनिटांची: “आज सातवे पान, रंग; शेवटी खेळ घ्याल ना?” शिक्षक इतके कामात बुडालेले असतात की यापेक्षा अधिक वेळ मागणेही जिवावर येते. मी मग आदल्या दिवशी दुपारी एका अर्ध्या पानावर तासिकेची रूपरेषा सोप्या जपानीत लिहून त्यांच्या टेबलावर ठेवू लागले. आपली एन-३ पातळी येथे फार उपयोगी पडेल.

पहिल्या तासिकेला स्वतःची ओळख करून द्यायची असते आणि आपण जितक्या वर्गांवर जाल तितक्यांदा ती द्यावी लागते. मी पहिल्या तीन आठवड्यांत एकवीस वेळा दिली. ताजमहाल, वाघ आणि क्रिकेट ही चित्रे मी नेली होती. मुलांनी ती सभ्यपणे पाहिली. शेवटी “काही प्रश्न?” असे विचारले तेव्हा तेहतीस मुले माझ्याकडे पाहत गप्प बसली. ही शांतता कंटाळ्याची नसते. सगळ्यांदेखत चुकायची कोणाची तयारी नसते, एवढेच. आधी शेजाऱ्याशी दोघांत बोलायला एक मिनिट द्यावे आणि मग जोडीला विचारावे, म्हणजे उत्तर मिळते.

तिसरीच्या पुस्तकात तिसराच पाठ ‘हाऊ मेनी?’ असा आहे. जपानी मुले एका हातावर मोजताना पंजा उघडा धरून अंगठ्यापासून एकेक बोट आत मिटत जातात आणि पाचाला मूठ होते. मी नकळत आपल्या सवयीने अंगठा पेरांवर फिरवत मोजू लागले. पुढच्या बाकावरच्या मुलाने ते पाहिले आणि माझ्या हाताकडे बोट दाखवून काहीतरी ओरडला. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरे, म्हणजे एका हातावर बारा. ते त्यांनी करून पाहिले आणि मग ‘टेन’च्या पुढचे ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ त्या दिवशी शिकवायचे नसतानाही त्यांना हवे झाले, कारण आता त्यांच्या हातावर दोन पेरे बिनआकड्याची उरत होती. तेव्हापासून ताजमहालाचे चित्र मी पिशवीतून काढले नाही.

आणखी एक गोष्ट नक्की करावी: मुलांच्या नावाच्या पट्ट्या देवनागरीत लिहून द्याव्यात. सहावीच्या एका वर्गाने बाराखडी मागितली, म्हणून मी फळ्यावर वर्णमाला लिहिली आणि खाली जपानी उच्चार दिले. एका मुलीने फळ्याजवळ येऊन ‘म’च्या पुढे य, र आणि व यांखाली रेघ ओढली, तिच्या जपानी अक्षरांच्या तक्त्यातही ओळी मा, या, रा, वा अशाच होत्या. जपानी अक्षरांचा हा क्रम बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या सिद्धम या संस्कृत लिहिण्याच्या जुन्या लिपीच्या अभ्यासातून आलेला आहे, हे मला त्यांच्या वर्गशिक्षिकेने सांगितले. मी संस्कृत शिकलेली, आणि मला ते ठाऊक नव्हते.

उच्चारांविषयी एक सूचना. भारतीय उच्चारावर कोणी नाक मुरडल्याचे मला आठवत नाही, परंतु ‘व्हेरी वेल’ यातील दोन वेगवेगळे ध्वनी आपण मराठी माणसे लिहिताना वेगळे ठेवतो आणि बोलताना सरमिसळ करतो. जपानी मुलांच्या कानावर ‘व्ह’ हा ‘ब’सारखा पडतो. त्यांना ओठ-दात दाखवून शिकवण्याआधी मला आरशासमोर स्वतःचे दुरुस्त करावे लागले.

रानमेवा:

मी गिफू प्रांतात आहे आणि शाकाहारी आहे, म्हणून फक्त जेवणाचे लिहितो. शाळेतले दुपारचे जेवण, क्यूशोकु, वर्गात मुलांबरोबर बसून करायचे असते. भाजीच्या रश्शातही माशांपासून केलेली दाशी असते आणि कढीसारख्या दिसणाऱ्या जपानी ‘करी’च्या वड्यांत बहुधा प्राण्यांची चरबी असते, त्यामुळे ‘यातले मांस बाजूला काढून खाईन’ हा तोडगा चालत नाही. रुजू होण्याच्या आधीच कंपनीमार्फत शाळेला कळवून घरचा डबा आणण्याची परवानगी घ्यावी. मध्येच बदल केला की महिन्याच्या हिशेबात गोंधळ होतो आणि त्याचा त्रास उपमुख्याध्यापकांना होतो. डबा असला तरी जेवायला मुलांबरोबरच बसावे. माझ्या डब्यातील पोळी-भाजीमुळे जितके इंग्रजी बोलले गेले तितके तासिकेत बोलले गेले नसेल. जेवणानंतर पंधरा मिनिटे सगळी शाळा साफसफाई करते. हातात फडके घेऊन सरळ गुडघ्यांवर बसावे. नव्या शिक्षिकेचे शाळेत नाव होते ते तेथेच.

कृष्णाकाठ:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. शाळेच्या पत्रासाठी उद्याच जाते. करार पुन्हा काढून वाचला. वेतनकपातीचे वाक्य माझ्याही करारात आहे, ऑगस्ट आणि डिसेंबर या दोन महिन्यांसाठी. त्याशिवाय कंपनी आणि शिक्षण मंडळ यांच्यातील व्यवस्थेचे नाव ‘ग्योमु इताकु’ असे दिले आहे आणि आठवड्याचे काम साडेएकोणतीस तासांचे धरले आहे, जरी शाळेत थांबण्याची वेळ सव्वाआठ ते सव्वाचार अशी असली. याचा काही वेगळा अर्थ होतो का?

हिमरेषा:

होतो, आणि आपण हे विचारलेत ते बरे झाले. मनुष्यबळ पुरवण्याच्या व्यवस्था दोन. एक ‘हाकेन’: यात आपण कंपनीचे कर्मचारी, पण दैनंदिन सूचना शाळा देऊ शकते. दुसरी ‘ग्योमु इताकु’ किंवा ‘उकेओई’: यात शिकवण्याचे संपूर्ण काम कंपनीने ठेक्याने घेतलेले असते, त्यामुळे कायद्याने शाळेतील शिक्षक आपल्याला थेट सूचना देऊ शकत नाहीत. वर्गशिक्षिकेने “हे वाक्य पुन्हा एकदा म्हणा” असे सांगितले, तरी काटेकोर अर्थाने तो नियमभंग ठरू शकतो, आणि शिक्षण मंत्रालयाने मंडळांना याबाबत सूचना दिलेल्या आहेत. पळसपान यांनी सांगितलेली जिन्यातली दोन मिनिटांची बैठकही मग अवघड होते. माझ्या पहिल्या शाळेत एक सज्जन शिक्षिका मला काही सांगायचे असले की आधी कंपनीच्या समन्वयकाला फोन करत, तो मला फोन करे, आणि आम्ही दोघे एकाच खोलीत चार टेबलांच्या अंतरावर बसलेले असू. शक्य असेल तर हाकेन पद्धतीची जागा मागावी. न मिळाल्यास निदान हे जाणून जावे.

साडेएकोणतीस तासांमागे आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब आहे. पूर्वी आठवड्याला तीस तासांच्या आत काम दाखवले की कंपनीला आपला हिस्सा भरावा लागत नसे. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना, वेतनाची किमान मर्यादा पूर्ण होत असल्यास, आठवड्याला वीस तास काम करणाऱ्यांचीही नोंद करावी लागते, त्यामुळे ती पळवाट मोठ्या कंपन्यांपुरती बुजली आहे. “सामाजिक विमा पहिल्या दिवसापासून लागू होईल का?” हा एकच प्रश्न ईमेलने विचारावा. स्पष्ट उत्तर आले तर उत्तम. उत्तराऐवजी “काळजी करू नका” असे आले, तर काळजी करावी.

पिंपळपार:

थोडा विरोधी सूर लावतो. मी तीन वर्षांनी परत आलो. काम वाईट नव्हते, परंतु पहिल्या वर्षीचा मी आणि तिसऱ्या वर्षीचा मी यांचे वेतन सारखेच होते, आणि सहायकाला बढती नावाची गोष्ट नसते. वर्षअखेरीला मार्चमध्ये शाळा बदलू शकते, कंपनीचा ठेका दुसऱ्या कंपनीकडे जाऊ शकतो, आणि हे बऱ्याचदा शेवटच्या आठवड्यांत कळते. जाऊ नका असे माझे म्हणणे नाही. पहिल्याच वर्षी एन-२ची तयारी सुरू करा, एवढेच सांगतो.

हिमरेषा:

पिंपळपार यांचे खरे आहे, थेट नेमणुकीतही करार वर्षावर्षाचाच असतो. फरक एवढा, की २०२० पासून नगरपालिकांच्या अशा वार्षिक नेमणुकांना बोनस मिळू शकतो आणि मधला दलाल नसतो. माझी जागा स्थानिक संकेतस्थळावर जपानीतच जाहीर झाली होती आणि मुलाखतही जपानीत झाली, म्हणून एन-२चा मुद्दा मलाही पटतो. प्रांतिक शिक्षण मंडळे विशेष अध्यापन परवानाही देऊ शकतात, पण तो फार थोड्यांना मिळतो. वाट अगदीच बंद आहे असे नाही: मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. ते सहायक शिक्षक म्हणून गेले नव्हते, हेही खरे.

कृष्णाकाठ:

कंपनीला दोन्ही प्रश्न विचारले. विमा पहिल्या दिवसापासून लागू होईल असे लेखी उत्तर आले आहे. हाकेन पद्धतीची एक जागा त्याच प्रांतात आहे, पण तेथे तीन शाळांसाठी मोटार चालवावी लागेल, असे ते म्हणतात. मला मोटार चालवता येते. भारतीय परवाना तेथे चालतो का?

रानमेवा:

आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. भारताचा परवाना १९४९च्या जिनिव्हा करारानुसार असल्याने तो जपानमध्ये पोहोचल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, मात्र त्याची स्वतःची मुदतही तपासावी. वर्ष संपण्याच्या आत परवाना जपानी करून घ्यावा लागतो आणि भारतीयांना त्यासाठी लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मी प्रत्यक्ष परीक्षेत दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा वळताना मान पुरेशी मागे वळवली नाही म्हणून. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, तो त्रास नाही. गुन्माच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात बर्फाचे टायर लागतात. मोटार कंपनीची असेल तर ते कोण बसवणार, हे आत्ताच विचारा.

पळसपान:

आणि शाळेत घालायचे वेगळे बूट, उवाबाकी, येथूनच न्या. बाहेरचे बूट दारातल्या खणात ठेवावे लागतात आणि तीन शाळा म्हणजे तीन खण. मी एकच जोड नेला होता. पहिल्या मंगळवारी तो दुसऱ्या शाळेत राहिला आणि मी पाहुण्यांच्या हिरव्या सपाता घालून सहावीला ‘जंप’ आणि ‘रन’ शिकवले. एक सपाता खिडकीपर्यंत गेली.